वन्य प्राण्यांचीं छायाचित्रें : प्रवासांत कोणती टेलिफोटो लेन्स बरोबर घ्यावी ?

छायाचित्रण ही एके काळीं मोजक्या श्रीमंतांची हौस होती. आज घरोघरीं मोबाईल फोन आहे आणि प्रत्येक फोनांत कॅमेरा आहे. शाळेची सहल निघाली म्हणजे शिदोरीबरोबर कॅमेराही आपोआपच निघतो. परंतु सहलीहून परतल्यावर विद्यार्थी जीं चित्रें कौतुकानें दाखवितात, त्यांत पुष्कळदां एकच प्रकार आढळतो. "सर, हें पाहा काळवीट," असें म्हणून विद्यार्थी चित्रावर बोट ठेवितो. आणि बोट उचललें म्हणजे त्या जागीं मातकट रंगाचा एक ठिपका दिसतो. मग फोन बाजूस पडतो, खऱ्या कॅमेऱ्याची व मोठ्या लेन्सची इच्छा उत्पन्न होते, आणि तो हट्ट घरीं वडिलांच्या कानावर जातो.

हा हट्ट वाईट नाहीं. सृष्टीकडे लक्ष देऊन पाहण्याची आवड ज्या मुलास लागली, त्याचा वेळ सहसा वाया जात नाहीं. पण लेन्स ही स्वस्त वस्तु नव्हे. साधी टेलिफोटो लेन्स वीस-तीस हजार रुपयांस पडते, त्याहून बरी एक लाखाच्या आसपास जाते, आणि व्यावसायिकांच्या मोठ्या लेन्सची किंमत तर दहा लाखांच्याही पुढें असते. सोयाबीनच्या एका हंगामाअखेर घरांत काय उरतें, हें आपल्या पालकांस सांगावयास नको. शिवाय निवड चुकली तर तिचा भुर्दंड केवळ खिशासच बसतो असें नाहीं; ज्या प्राण्याचें चित्र घ्यावयाचें, त्या मुक्या जीवासही तो बसतो. तो कसा, हें पुढें येईल. निवडीचीं मूळ तत्त्वें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं मिळून समजून घ्यावीं, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रथम टेलिफोटो म्हणजे काय, तें पाहूं. दूरच्या वस्तूची प्रतिमा बहिर्गोल भिंग आपल्या नाभीपाशीं उमटवितें, आणि भिंगापासून नाभीपर्यंतच्या अंतरास नाभीय अंतर म्हणतात, हें दहावीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. हें अंतर जितकें अधिक, तितकी प्रतिमा मोठी. पण साधेंच भिंग वापरावयाचें म्हटलें, तर ६०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठीं नळीही जवळजवळ दोन फूट लांब लागेल. ही अडचण इ. स. १८९१ च्या सुमारास इंग्लंडांत टॉमस डॅलमेयर यांनीं आणि जर्मनींत मीथे व श्टाइनहाइल यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें सोडविली. पुढें बहिर्गोल भिंगांचा गट व त्याच्या मागें अंतर्गोल भिंगांचा गट बसविला असतां, मागील गट मिटत येणाऱ्या किरणांस थोडे फांकवितो. त्यामुळें नळी आंखूड राहूनही प्रतिमा लांब भिंगाइतकी मोठी मिळते. या रचनेच्या भिंगास टेलिफोटो लेन्स म्हणतात. लेन्सवर जो ३००, ४०० किंवा ६०० असा आंकडा छापलेला असतो, तो तिचें नाभीय अंतर मिलिमीटरमध्यें दाखवितो.

आतां हा आंकडा किती मोठा असावा ? याचें उत्तर दुकानदारास विचारण्याचें कारण नाहीं. तें साध्या त्रैराशिकानें निघतें. नाभीय अंतरास प्राण्याच्या उंचीनें गुणावें व प्राणी जितका दूर असेल त्या अंतरानें भागावें, म्हणजे कॅमेऱ्यांतील प्रतिमेची उंची मिळते. काळवीट खांद्याशीं सुमारें ८० सेंटिमीटर उंच असतो. तो ६० मीटर दूर उभा आहे असें धरा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचें खरें नाभीय अंतर जेमतेम सहा-सात मिलिमीटर असतें. त्यामुळें काळविटाची प्रतिमा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, म्हणजे चित्राच्या उंचीच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतकी पडते. ठिपका दिसतो तो यामुळें. ३०० मिलिमीटर लेन्सनें हीच प्रतिमा ४ मिलिमीटर होते, आणि ६०० नें ८ मिलिमीटर. विद्यार्थ्यांच्या आवांक्यांतील बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतें ती पट्टी, साधारण १५-१६ मिलिमीटर उंच असते. अर्थात् ३०० नें काळवीट चित्राचा चौथा भाग व्यापील आणि ६०० नें निम्मा. खंड्या पक्षी चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें २८ सेंटिमीटर असतो. तो २० मीटरवर बसला असला, तरी हिशेब जवळजवळ हाच येतो. कागद घेऊन हें गणित एकदां स्वतः करून पाहावें. मग कोणाच्याही बोलण्यानें फसण्याचें भय राहत नाहीं.

येथें दोन सूचना केल्या पाहिजेत. "ही ३०० ची लेन्स आहे, पण या कॅमेऱ्यावर ४५० चें काम देते," असें दुकानांत ऐकूं येतें. त्याचा अर्थ इतकाच कीं, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरपेक्षां लहान सेन्सर चित्राच्या कडा कापून टाकतो व मधला भाग तेवढा ठेवितो. निकॉन व सोनी यांच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत हें प्रमाण दीडपट व कॅनॉनच्या कॅमेऱ्यांत १.६ पट धरतात. भिंगाची शक्ति त्यानें वाढत नाहीं. चौकट मात्र लहान होते, आणि दूरच्या प्राण्यासाठीं ती सोय उपयोगीच पडते. दुसरी सूचना फोनच्या डिजिटल झूमविषयीं. तो झूम म्हणजे घेतलेलें चित्र रबरासारखें ताणणें होय. त्यांतून नवा तपशील मिळत नाहीं.

वरील गणितांतून आणखी एक गोष्ट दिसून येते. लेन्स दुप्पट केली काय किंवा प्राण्याचें अंतर निम्में केलें काय, प्रतिमा सारखीच वाढते. ज्याच्याजवळ लांब लेन्स नाहीं तो साहजिकच पावलें पुढें टाकूं लागतो; आणि मघाशीं म्हटलेला भुर्दंड येथेंच प्राण्यावर पडतो. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनीं दाखवून दिलें आहे कीं, प्रत्येक जातीच्या वन्य प्राण्यास एक ठराविक अंतर असतें. त्या अंतराच्या आंत शत्रु आला कीं तो पळतो. त्यास पलायन-अंतर म्हणावें. ही सीमा जवळ आल्याचें प्राणी आधीं सांगतो : चरणें थांबतें, मान वर होते, कान आपल्या दिशेस वळतात, कळपांतील एखादें जनावर पाय आपटतें. तरीही आपण पुढें गेलों, तर प्राणी चारा सोडतो, पाणी सोडतो, कधीं पाडसापासूनही दूर होतो. उन्हाळ्यांत एका पाणवठ्यावरून हांकललेल्या हरिणास दुसरा पाणवठा किती कोसांवर सांपडेल, याचा विचार मराठवाड्यांतील माणसास तरी वेगळा शिकवावा लागूं नये.

ही कल्पित भीति नव्हे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण व तिचे पांच बछडे रस्त्यावर असतां पर्यटकांच्या गाड्यांनीं त्यांची वाट दोन्ही बाजूंनीं अडविली. त्या प्रसंगाचें चलच्चित्र सर्वत्र पसरलें, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची स्वतःहून दखल घेतली. गाडीतील प्रत्येकास अधिक जवळचें चित्र हवें होतें, इतकेंच त्याचें मूळ. याच्या उलट उदाहरण जुनें आहे. संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यांतील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाघाच्या वाटेवर तार लावून कॅमेरा ठेविला; वाघाचा पाय तारेस लागला कीं प्रकाश पडून त्याचें चित्र त्याच्याच हातून निघे, आणि माणूस तेथून दूर असे. त्यांचें पुस्तक इ. स. १९२७ मध्यें प्रसिद्ध झालें. साधनें आज बदललीं आहेत, परंतु प्राण्यास त्याच्या जागीं निर्धास्त राहूं द्यावें हा नियम तोच आहे. म्हणून लेन्स निवडण्याचें पहिलें माप हें : ज्या प्राण्यासाठीं आपण निघालों, तो ज्या अंतरावर निर्धास्त चरतो, त्या अंतरावरून पुरेशी प्रतिमा देईल तितकी लांब लेन्स असावी.

मग सर्वांनींच सर्वांत लांब लेन्स कां घेऊं नये ? तर त्यास प्रकाश आणि वजन हीं दोन आडवीं येतात. लेन्सवर एफ/४, एफ/५.६, एफ/८ असे आंकडे असतात. नाभीय अंतरास या आंकड्यानें भागलें म्हणजे प्रकाश आंत घेणाऱ्या छिद्राची रुंदी मिळते. आंकडा लहान तितकें छिद्र मोठें. एफ/४ वरून एफ/५.६ वर गेलें तर प्रकाश निम्मा होतो, एफ/८ वर पाव, आणि एफ/११ वर अष्टमांश. आतां ६०० मिलिमीटरची एफ/४ लेन्स घ्या : ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिलिमीटर, सुमारें सहा इंच रुंदीचें निर्दोष भिंग तिला लागतें. तिचें वजन तीन किलोच्या आसपास कां, आणि किंमत दहा लाखांपुढें कां, हें या भागाकारांतच आहे. तीच ६०० एफ/६.३ असली तर ९५ मिलिमीटर पुरतात. सिग्मा, टॅमरॉन, सोनी, निकॉन यांच्या ६०० पर्यंत जाणाऱ्या लेन्स अशाच आहेत व त्यांचें वजन साधारण दोन किलो भरतें. कॅनॉननें इ. स. २०२० मध्यें ६०० ची एफ/११ लेन्स काढली. तिला ५५ मिलिमीटर भिंग पुरलें, आणि वजन एका किलोच्याही खालीं आलें. पण वन्य प्राणी बाहेर पडतात ते झुंजुमुंजु होतांना आणि दिवस मावळतांना. त्या वेळीं एफ/११ ची लेन्स अंधारांत चांचपडते. सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवून हें कांहीं अंशीं भरून निघतें, मात्र चित्रांत दाणे दिसूं लागतात. प्रवासी विद्यार्थ्यानें एफ/५.६ ते एफ/६.३ या मधल्या पायरीवर थांबावें, हें उत्तम.

वजनाचा विचार दुकानांत होत नाहीं, तो प्रवासांत होतो. दोन किलोची लेन्स गळ्यांत अडकवून सकाळचे चार तास हिंडल्यावर तिचें खरें मोल कळतें. विमानांत जवळ बाळगावयाच्या सामानास आपल्या देशांत बहुधा सात किलोंची मर्यादा असते, आणि अशी नाजूक वस्तु मोठ्या सामानांत देऊन चालत नाहीं. एस. टी.च्या वरच्या फळीवरही ती ठेवूं नये, मांडीवर घ्यावी. शिवाय लेन्स जितकी लांब, तितका हाताचा कंप अधिक दिसतो. जुना नियम असा कीं, ३०० ची लेन्स हातांत धरली असतां शटरचा वेळ सेकंदाच्या तीनशेंव्या भागाहून अधिक नसावा, ६०० साठीं सहाशेंव्या भागाहून. हल्लींच्या पुष्कळ लेन्समध्यें कंप शोषून घेणारी यंत्रणा असते व ती अवश्य घ्यावी. परंतु ती आपला हात स्थिर करते, प्राण्यास स्थिर करीत नाहीं. धांवत्या हरिणास सेकंदाचा हजारावा भाग व उडत्या पक्ष्यास दोन हजारावा भाग लागतोच. सफारीच्या गाडींत तिवई मांडण्यास जागा नसते. तेथें कापडी पिशवी कामास येते. रिकामी पिशवी घेऊन निघावें, मुक्कामीं पोंचल्यावर तींत ज्वारी किंवा हरभरा भरावा, आणि ती गाडीच्या कठड्यावर टाकून तीवर लेन्स टेकवावी. परततांना धान्य कोणाच्या तरी उपयोगी पडतें.

एकाच नाभीय अंतराची लेन्स घ्यावी कीं कमीजास्त होणारी, म्हणजे झूम लेन्स घ्यावी ? एका अंतराची लेन्स बहुधा अधिक रेखीव चित्र देते. पण प्रवासांत प्राणी आपल्या सोयीनें उभा राहत नाहीं. आतां दूर असलेला क्षणांत जवळ येतो. त्या वेळीं धुळींत लेन्स बदलूं गेलें, तर चित्रही जातें व धूळही सेन्सरवर बसते. म्हणून पहिली लेन्स झूमच असावी : ७०–३००, १००–४०० किंवा १५०–६००. मागें जोडून नाभीय अंतर १.४ पट किंवा दुप्पट करणारा कन्व्हर्टर मिळतो. परंतु तो अनुक्रमें निम्मा व तीन-चतुर्थांश प्रकाश खातो. मंद प्रकाशाच्या लेन्सवर तो घेण्यांत लाभ नाहीं.

आतां हें सर्व आपल्या प्रांतांतील ठिकाणांस लावून पाहूं. आपलें घाटनांदूर बालाघाटाच्या पठारावर वसलें आहे. मराठवाड्याच्या शेतशिवारांतून काळविटांचे कळप फिरतात; पिकाची नासाडी सोसणाऱ्या पालकांस ते छायाचित्रकारापेक्षां अधिक परिचित आहेत. आपल्याच जिल्ह्यांत पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें इ. स. १९९४ पासून मोरांसाठीं राखलेलें अभयारण्य आहे. मोर सावध, झुडपें दाट, आणि वेळ सकाळ-संध्याकाळची. तेथें ३०० ते ४०० मिलिमीटर पुरे, पण गुपचूप बसण्याची संवय हवी. अहिल्यानगर जिल्ह्यांतील रेहेकुरी हें काळविटांचें अभयारण्य इ. स. १९८० चें, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचें. तेथें गवताळ माळ उघडा असल्यामुळें प्राणी दुरूनच सावध होतो. ४०० ते ६०० चा खरा उपयोग अशा माळावर होतो. पैठणचा नाथसागर इ. स. १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तेथें होडींतून जावें लागतें. होडी हालत असल्यामुळें हातांत पेलेल अशीच लेन्स हवी, आणि नावाड्यास थव्यांत होडी घालावयास सांगूं नये. थवा उडतांना सुंदर दिसतो हें खरें, पण दूरच्या प्रवासानें थकलेल्या पक्ष्याची ती विश्रांति असते. चंद्रपूरचें ताडोबा इ. स. १९५५ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें व इ. स. १९९५ मध्यें व्याघ्र प्रकल्प. तेथील वाघ गाड्यांस सरावलेले असल्यामुळें पुष्कळदां रस्त्यालगत दिसतात. ६०० च्या लेन्समध्यें कधीं कधीं वाघाचें तोंडच तेवढें मावतें. तेथें १००–४०० हीच सर्वांत सोयीची. एका वाक्यांत सांगावयाचें तर मोठा प्राणी व गाडींतला प्रवास यांस ४०० पर्यंतची, आणि पक्षी व उघडा माळ यांस ६०० पर्यंतची लेन्स असावी.

मराठवाड्यांतील एका शत्रूचा उल्लेख केलाच पाहिजे, आणि तो म्हणजे दुपारचें ऊन. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते व मृगजळ दिसतें. त्या वेळीं दोनशें मीटरवरचा प्राणी दहा लाखांच्या लेन्समधूनही वितळल्यासारखाच दिसेल. तो दोष लेन्सचा नव्हे, मधल्या हवेचा होय. सकाळीं नऊपूर्वीं काम आटोपावें. पावसाळ्यांत लेन्सच्या आंत बुरशी धरते. म्हणून ती घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. धूळ प्रथम फुंकणीनें उडवावी. सदऱ्याच्या टोंकानें भिंग पुसण्याची संवय वाईट, कारण धुळींतील वाळूचे कण भिंगावर ओरखडे पाडतात.

खरेदीविषयीं पालकांस चार शब्द. पहिल्या वर्षीं कांहींच विकत न घेतां आठ-दहा हजारांच्या आंतील चांगली दुर्बीण मुलाच्या हातीं द्यावी. जो वर्षभर पक्षी पाहील, त्यासच लेन्सचा उपयोग होईल. मोठ्या शहरांत लेन्स भाड्यानें मिळतात. चार दिवसांच्या प्रवासासाठीं भाडें देणें हें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. जुनी लेन्स घ्यावयाची असल्यास तिच्यांतून दिव्याकडे पाहून बुरशी आहे कीं काय तें तपासावें, आपल्या कॅमेऱ्यावर लावून जवळ-दूर नाभि जुळते कीं नाहीं तें पाहावें, आणि ती त्याच जोडणीची आहे याची खात्री करावी. ज्यांस लेन्स बदलण्याचा व्याप नको, त्यांच्यासाठीं एकाच जोडलेल्या भिंगाचे लांब पल्ल्याचे कॅमेरेही मिळतात. अंधुक प्रकाशांत ते कमी पडतात, पण उन्हांत शिकाऊ विद्यार्थ्याचें काम चांगलें चालवितात.

शेवटीं कायद्याची आठवण. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट आणि मोर या दोघांसही संरक्षण दिलें आहे. अभयारण्यांत जावयाचें तें परवानगीनें, आणि कॅमेऱ्याचें शुल्क व नियम आधीं विचारूनच. घरट्याचें चित्र घेऊं नये, मग लेन्स कितीही लांब असो. आपण लावलेली फांदी बाजूस सारली कीं कावळ्यास वाट सांपडते आणि पिलें जातात. विद्यार्थिमित्रांनो, चित्र घेऊन झाल्यावर एकदां मागें वळून पाहा. तो प्राणी तुम्ही आलां त्या वेळीं जसा चरत होता, तसाच चरत असेल, तर तुमची लेन्स योग्य होती आणि तुमचें अंतरही योग्य होतें असें समजा. चित्र थोडें लहान आलें तरी चिंता नाहीं. पुढच्या वर्षीं तोच काळवीट त्याच माळावर तुम्हांस पुन्हां भेटेल.